सायकलचा टायर घेताना

आपल्या रेणापूरकडची जमीन काळी. पावसात चिखल चाकाला चिकटतो. सडकेवर मात्र डांबर.

मी एकदा जाड, उंच दात्यांचा टायर घेतला. दिसायला झकास! पहिल्याच पावसात मडगार्डात चिखल ठासून बसला. चाक फिरेना. सायकल खांद्यावर घेऊन शाळा गाठली. पोरं हसली.

म्हणून आधी जुन्या टायरवरचा आकडा वाचा. २६ x १.९५ म्हणजे चाक २६ इंची, टायर सुमारे २ इंच रुंद. नव्यावरही तोच आकडा हवा. आकडे इंग्रजी असतात, तेवढे ओळखायला शिका.

मधले दाते दाट, कडेचे विरळ, असा टायर सडकेलाही चालतो, पांदीलाही. पैसे एकाचेच असतील, तर बहुधा मागचा बदलावा लागतो. वजन त्यावर जास्त, तो लवकर झिजतो. हवा किती भरावी, तेही टायरवरच छापलेलं असतं.