विंचला अंकुश

बल्लारपूर
मृग लागायच्या आधी

चि. भाचेबुवांस मामाचे अनेक आशीर्वाद.

विंच बंपरवर चढला, आता "बॅटरीला दोन वायरी तेवढ्या जोडायच्या राहिल्यात", असं तू परवा फोनवर म्हणालास. तेव्हाच ठरवलं की हे कागदावर लिहून द्यायचं. तोंडी सांगितलेलं तू अर्धंच ऐकतोस. पावसाळ्यात गट्टा, जारावंडीकडे फसलेल्या गाड्या ओढून काढशील, चार पैसे मिळतील, माणसं दुवा देतील. चांगलंच आहे. पण त्या दोन वायरी म्हणजेच सगळं काम आहे. बाकी नटबोल्ट कोणीही आवळतो.

कमलापूरच्या कॅम्पातले हत्ती तू लहानपणी पाहिलेस. जंगल खात्याचे ते हत्ती एके काळी सागाचे लठ्ठे ओढायचे. लठ्ठा झाडाच्या मुळांमध्ये अडकला तर हत्तीला ते कळतं, तो थबकतो, मग माहूत खाली उतरून बघतो. विंच थबकत नाही. समोर झाड असो की रुतलेला ट्रक, जोर कमी पडला की तो बॅटरीतून आणखी करंट मागतो. तुझा 9500 पौंडांचा, म्हणजे साधारण 4300 किलोचा विंच नुसता दोर गुंडाळताना शंभराच्या आत अँपिअर घेतो. पूर्ण ताणावर तोच चारशेच्या आसपास जातो. घरचा मेन स्विच किती अँपिअरचा आहे ते जाऊन बघ, मग हा आकडा पुन्हा वाच.

आता केबल. दुकानदार 16 स्क्वेअर एमएमची दाखवेल, "एवढी पुरते भाऊ" म्हणेल. तुझ्या गाडीत जाऊन-येऊन चार मीटर धर. तीनशे अँपिअरला त्या केबलमध्येच सव्वा व्होल्टच्या वर व्होल्टेज पडतं आणि चारशेएक वॅट नुसते तापण्यात जातात. वर रबराचं वेष्टण, शेजारी डिझेलची नळी. 35 स्क्वेअरची तांब्याची घे, जमलं तर 50 ची. वेल्डिंगची केबल चालते, मऊ असते, वळते. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्तातली मात्र नको. टोक सुरीनं खरवडून बघ, आत पांढरं दिसलं तर परत कर.

व्होल्टेज पडलं की नुसती ताकद कमी होते असं समजू नकोस. कंट्रोल बॉक्समधले सोलेनॉइड कमी व्होल्टेजला तडतड वाजतात, आतले पॉइंट ठिणग्या खाऊन एकमेकांना चिकटतात. मग तू रिमोटचं बटण सोडतोस आणि विंच ओढतच राहतो. त्या क्षणी हाताशी काय आहे तुझ्या? म्हणून बॅटरीच्या प्लसमधून निघालेली केबल आधी फ्यूजमध्ये जाईल, बॅटरीपासून वीतभर अंतरात. त्यानंतर ट्रकला असतो तसा कटऑफ स्विच. फ्यूज विंचच्या पत्रकातल्या कमाल अँपिअरच्या जरासा वरचा. कटऑफही तेवढा भार सोसणारा, दिव्याबिव्याचा नाही. तो अशा जागी लाव की बॉनेट न उघडता हात पोचला पाहिजे. काम नसताना तो बंदच. हाच तुझा अंकुश.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझ्या उमेदवारीच्या दिवसांत आम्ही एका जीपला विंच जोडला होता. प्लसची केबल पत्र्याच्या भोकातून काढली, ग्रोमेट शोधायचा कंटाळा केला. पत्र्याची धार तीन महिने केबलला घासत राहिली. विंच बंद, जीप नुसती उभी, आणि बॉनेटखालून जळक्या रबराचा वास. केबल लालभडक. टर्मिनल सोडवायला दहाचा पाना हवा, आणि तो सीटखालच्या गोणीत कुठंतरी! शेवटी मिस्त्रींनी लाकडी मुठीच्या कुऱ्हाडीनं केबल तोडली. ती जीप आलापल्लीच्या बाजारात उभी होती म्हणून माणसं धावली. तुझी कसनसूरच्या वाटेवर असेल.

मायनस केबलही थेट बॅटरीवर ने. चेसिसवर बोल्ट मारून भागवू नकोस. गंज आणि रंगाच्या थरातून एवढा करंट सुखानं जात नाही. जोडताना प्लस आधी, मायनस शेवटी. सोडवताना उलटं, मायनस आधी. पाना प्लसवर असताना बॉडीला टेकला तर बॅटरी हजार अँपिअर सहज सोडते. तुझ्या हातातलं कडं त्या वेळी खिशात असू दे. मामीला सांगू नकोस, माझ्या मनगटावरचा डाग घड्याळाच्या पट्ट्याचा आहे, सायलेन्सरचा नाही.

ओढताना इंजिन चालू ठेव, पण अल्टरनेटर हा खर्च भरून काढेल या भ्रमात राहू नकोस. मिनिटभर ओढायचं, मग मोटरला हात लावून बघायचा. चटका बसला तर थांबायचं. ड्रमवर पाच वेढे कायम राहू देत, ताणलेल्या दोरावर ओलं गोणपाट टाक, आणि बघ्यांना, विशेषतः पोरांना, दोराच्या लांबीपेक्षा दूर हाकल.

विंच चेसिसला धरलाय ना? की हौसेच्या बुलबारला? डिसेंबर 2017 मध्येच केंद्रानं गाड्यांवरच्या बुलबारांविरुद्ध कारवाई करायला राज्यांना कळवलंय. तेव्हा आरटीओत एकदा विचारून घे.

केबलच्या टोकांची थिंबल हातोडीनं ठोकून बसवू नकोस. आतून पोकळ राहतात आणि तिथंच तापतात. माझ्याकडे हायड्रॉलिक क्रिम्पर आहे. बॅटरीपासून विंचपर्यंतची वाट सुतळीनं वळणावळणाला मोजून घे, सुतळी दोन्ही टोकांना गाठ मारून रविवारी इकडे घेऊन ये. तोवर प्लसला हात लावू नकोस.

तुझा,
मामा