टंचाईच्या काळातील हिरवळ : पाणी निर्बंधांचा एक धडा

दुष्काळ म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर करपलेली पिके, तळ गाठलेल्या विहिरी आणि टँकरभोवती लागलेली हंड्यांची रांग उभी राहते. त्या वेळी हिरवळीचा विचार सहसा कोणाच्या मनात येत नाही. तथापि टंचाईच्या दिवसांत एक दृश्य अनेक ठिकाणी पाहावयास मिळते. रस्त्याच्या एका बाजूस रिकामे हंडे घेऊन माणसे ताटकळत उभी असतात आणि दुसऱ्या बाजूस एखाद्या कार्यालयाच्या, विश्रामगृहाच्या किंवा मंगल कार्यालयाच्या आवारात गवतावर पाण्याचे फवारे उडत असतात. हे पाणी एकंदर साठ्याच्या मानाने थोडे असेल. परंतु त्या दृश्याचा जनमनावर होणारा परिणाम थोडा नसतो. पाणी जपून वापरण्याचे आवाहन ज्यांनी करावयाचे, त्यांच्याच दारातील गवत हिरवेगार असेल तर त्या आवाहनावर विश्वास कोणी ठेवावा?

म्हणूनच टंचाईकाळात हिरवळीच्या पाण्यावर घातले जाणारे निर्बंध हा बागकामापुरता मर्यादित प्रश्न राहत नाही. हे निर्बंध का असतात, कसे असतात आणि ते यशस्वी कशाने होतात, याचा थोडक्यात परामर्श येथे घेतला आहे.

हिरवळीच्या पाण्याचा हिशेब

एक चौरस मीटर जागेवर एक मिलीमीटर उंचीचे पाणी म्हणजे बरोबर एक लिटर पाणी होय. हे सूत्र शाळेतील विद्यार्थ्यांनाही सहज समजण्यासारखे आहे. कडक उन्हाळ्यात गवत हिरवे ठेवावयाचे झाल्यास, दररोज साधारणतः ५ मिलीमीटर पाणी द्यावे लागते असे धरू. दहा गुंठ्यांची हिरवळ म्हणजे सुमारे १,००० चौरस मीटर क्षेत्र. तिला रोज सुमारे ५,००० लिटर पाणी लागेल.

आता हा आकडा माणसांच्या गरजेशी ताडून पाहू. आपल्या राज्यात ग्रामीण भागासाठी टँकरने पाणीपुरवठा करताना दरडोई दररोज २० लिटर हे प्रमाण धरण्यात आले आहे. या हिशेबाने दहा गुंठे हिरवळीचे एका दिवसाचे पाणी हे २५० माणसांचे टंचाईतील पाणी होय. म्हणजेच एखाद्या लहान वस्तीचा एका दिवसाचा पुरवठा त्या गवतात जिरतो. जलजीवन मिशनमध्ये धरलेले दरडोई ५५ लिटरचे प्रमाण घेतले, तरी ते पाणी ९० माणसांना पुरते.

हाच हिशेब रबरी नळीचाही करता येतो. १५ लिटरची बादली नळीने एका मिनिटात भरत असेल, तर गवतावर तासभर सोडून दिलेली नळी ९०० लिटर पाणी ओतते. टँकरच्या प्रमाणाने ते ४५ माणसांचे पाणी झाले. नळी सोडून चहाला जाणाऱ्या माळ्याला हे ठाऊक नसते, कारण ते त्याला कोणी सांगितलेले नसते.

२०१६ चा अनुभव

सन १९७२ च्या दुष्काळात अन्नधान्याचा व रोजगाराचा प्रश्न सर्वांत बिकट होता. त्यानंतरच्या अनेक दुष्काळांत पिण्याचे पाणी हाच कळीचा प्रश्न ठरला. मांजरा धरणातील साठा संपल्यामुळे २०१६ साली लातूर शहराचा पाणीपुरवठा कोलमडला. त्या वर्षी मार्च महिन्यात पाणी भरण्याच्या ठिकाणी कायदा व सुव्यवस्था राखण्यासाठी जमावबंदीचा आदेश काढावा लागला. एप्रिलमध्ये मिरजेहून सुमारे ३४० किलोमीटरचा प्रवास करून पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातुरास पोहोचली. तिच्या दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. २०११ च्या जनगणनेनुसार लातूर शहराची लोकसंख्या पावणेचार लाखांहून अधिक होती. त्या हिशेबाने पहिल्या गाडीतून दर माणशी जेमतेम सव्वा लिटर पाणी आले. पुढे गाड्यांच्या वाघिणी वाढविण्यात आल्या, ही गोष्ट वेगळी. परंतु ती पहिली गाडी आणि आपल्या उदाहरणातील हिरवळ शेजारी ठेवून पाहावी. त्या गाडीतील सारे पाणी दहा गुंठे गवताने शंभर दिवसांत संपविले असते.

त्याच महिन्यात क्रिकेटच्या मैदानांचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे आला. आयपीएल स्पर्धेच्या राज्यातील सामन्यांसाठी सुमारे ६० लाख लिटर पाणी वापरले जाईल, असे याचिकाकर्त्यांचे म्हणणे होते. पिण्याच्या पाण्याऐवजी प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरण्याची तयारी संयोजकांच्या बाजूने दाखविण्यात आली. तरीही न्यायालयाने १३ एप्रिल २०१६ रोजी, ३० एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर हलविण्याचा आदेश दिला. मुंबईत व्हावयाचा अंतिम सामना बंगळुरूस झाला. या निर्णयाविषयी त्या वेळी मतभेद झाले. सामने हलविल्याने लातूरला पाणी मिळणार नाही, असे अनेकांनी म्हटले. हा आक्षेप महत्त्वाचा असून त्याचा विचार पुढे केला आहे.

निर्बंधांचे प्रकार

जगात ज्या ज्या ठिकाणी घरापुढील हिरवळ हा राहणीचा भाग झाला आहे, तेथे टंचाईकाळात तिच्या पाण्यावर निर्बंध घालण्यात आले आहेत. त्यांचे स्थूलमानाने चार प्रकार दिसतात.

पहिला प्रकार वेळेचा. भर दुपारी दिलेले पाणी ऊन व वारा यांमुळे बऱ्याच अंशी वाया जाते. म्हणून पाणी सकाळी लवकर किंवा सायंकाळनंतरच द्यावे, असा नियम केला जातो. दुसरा प्रकार वारांचा. पश्चिम ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरात २००१ पासून फवाऱ्यांनी पाणी देण्यासाठी आठवड्यातील दोनच दिवस ठरवून देण्यात आले. घरक्रमांकाच्या शेवटच्या अंकावरून कोणाचे वार कोणते हे ठरते. सकाळी ९ ते सायंकाळी ६ या वेळात फवारे लावण्यास तेथे मनाई आहे. हा नियम इतका सोपा आहे की तो मोडला गेल्यास शेजाऱ्याच्याही लगेच ध्यानात येतो.

तिसरा प्रकार पूर्ण मनाईचा. दक्षिण आफ्रिकेतील केप टाउन शहरावर सलग तीन वर्षांच्या अवर्षणानंतर नळ बंद करण्याची वेळ येऊन ठेपली होती. तेथे १ फेब्रुवारी २०१८ पासून दरडोई दररोज ५० लिटरची मर्यादा घालण्यात आली. बागेसाठी नगरपालिकेचे पिण्याचे पाणी वापरण्यास मनाई होती. धरणांतील साठा १३.५ टक्क्यांवर आला की घरोघरचा पुरवठा बंद होईल, असे नगर प्रशासनाने आधीच जाहीर केले होते आणि साठ्याचे आकडे लोकांपुढे नियमितपणे ठेवले होते. २०१५ च्या सुरुवातीस शहराचा दैनंदिन वापर सुमारे १२० कोटी लिटर होता. २०१८ च्या सुरुवातीपर्यंत तो ५० कोटी लिटरच्या आसपास आला. नळ बंद करण्याची वेळ टळली.

चौथा प्रकार प्रयोजनाचा. गवत कशासाठी आहे, हा प्रश्न येथे विचारला जातो. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या राज्यपालांनी १ एप्रिल २०१५ रोजी नागरी पाणीवापरात २५ टक्के कपात करण्याचा आदेश काढला. एरवी त्या दिवसांत भरपूर बर्फ असणाऱ्या सिएरा नेवाडा पर्वतातील एका कुरणात, कोरड्या जमिनीवर उभे राहून त्यांनी तो जाहीर केला. रस्त्यांच्या दुभाजकांवरील शोभेच्या गवतास पिण्याचे पाणी देण्यास त्यानुसार मनाई झाली. पाऊस पडल्यानंतर ४८ तासांच्या आत हिरवळीस पाणी देण्यासही बंदी होती. त्यापूर्वी, २०१४ साली, तेथे आणखी एक विचारपूर्वक सुधारणा झाली होती. दुष्काळाची आणीबाणी जाहीर असताना पाणी वाचविण्यासाठी हिरवळ वाळू दिली म्हणून गृहसंस्थेने रहिवाशास दंड करू नये, असे कायद्याने ठरले. एका हाताने पाणी वाचवा म्हणावयाचे आणि दुसऱ्या हाताने पिवळ्या गवताबद्दल दंड करावयाचा, ही विसंगती त्यामुळे दूर झाली. २०१५ च्या जूनपासून पुढील वर्षभराच्या काळात त्या राज्याने नागरी वापरात सुमारे २४ टक्के बचत साधली.

या अनुभवातून २०२३ साली तेथे कायमस्वरूपी कायदा झाला. खेळासाठी किंवा लोकांच्या वावरासाठी असलेले गवत वेगळे आणि केवळ शोभेचे गवत वेगळे, असा भेद करून, संस्था व व्यापारी आवारांतील शोभेच्या गवतास पिण्याचे पाणी देण्यावर त्याने बंदी घातली. ती टप्प्याटप्प्याने लागू करावयाची असून शासकीय जागांसाठी सर्वांत आधीची, म्हणजे १ जानेवारी २०२७ ही तारीख ठरविण्यात आली. आरंभ शासनाच्या अंगणापासून व्हावा, हा यातील विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे.

‘एवढ्याने काय होणार?’

हिरवळीचे पाणी बंद करून धरण भरणार नाही, हे खरेच आहे. शेतीसाठी, विशेषतः उसासारख्या पिकासाठी लागणाऱ्या पाण्यापुढे हिरवळीचा वापर नगण्य ठरतो. पीकपद्धती आणि पाण्याचे वाटप यांसंबंधीचे मोठे निर्णय हिरवळीच्या निर्बंधांनी टाळता येणार नाहीत व टाळू नयेत.

असे असूनही या निर्बंधांचे महत्त्व दोन कारणांनी राहते. एक तर गावाच्या किंवा शहराच्या नळयोजनेतून मिळणारे शुद्ध पाणी मर्यादित असते आणि हिरवळीस जाणारे पाणी अनेकदा त्याच नळातून येते. टाकीतून वाचलेले ५,००० लिटर पाणी त्याच संध्याकाळी दुसऱ्या गल्लीला मिळू शकते. दुसरे कारण असे की, टंचाईत लोकांकडून मोठ्या त्यागाची अपेक्षा करावी लागते. ऊस लावू नका, एक दिवसाआड पाणी घ्या, असे सांगण्याचा अधिकार स्वतःची हिरवळ वाळू देणाऱ्यालाच नैतिकदृष्ट्या प्राप्त होतो. दंडाच्या भीतीपेक्षा समान न्यायाच्या प्रत्ययाने नियम अधिक पाळले जातात.

‘आमच्या स्वतःच्या बोअरचे पाणी आहे’ हा युक्तिवादही वारंवार ऐकू येतो. भूगर्भातील पाणी कुंपणाच्या आत थांबत नाही. आपल्या राज्यात १९९३ च्या भूजल कायद्याने सार्वजनिक पेयजलस्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर खोदण्यावर निर्बंध घातला, तो याच जाणिवेतून. पुढे २००९ च्या भूजल अधिनियमाने त्याची जागा घेतली. पिण्याच्या पाण्याचे रक्षण हे सूत्र मात्र कायम राहिले. १९८७ च्या राष्ट्रीय जलनीतीनेही पिण्याच्या पाण्यास पहिला अग्रक्रम दिला होता.

गवत लगेच मरत नाही

हिरवळ एकदा वाळली की सर्व खर्च पाण्यात गेला, अशी भीती संस्थाचालकांना वाटते. ती बऱ्याच अंशी अनाठायी आहे. आपल्याकडील हिरवळीत पुष्कळ ठिकाणी असणारी हरळी, म्हणजेच गणपतीला वाहिली जाणारी दूर्वा, किती चिवट असते हे शेतकऱ्यास विचारावे. नांगरून, वेचून काढली तरी ती पुन्हा फुटते. पाणी तुटले की तिची पाने वाळतात. जमिनीतील खोडे मात्र दीर्घकाळ जिवंत राहतात आणि पहिल्या पावसाबरोबर कोंब धरतात. अशा काळात गवत फार खोल कापू नये आणि त्यास खत घालू नये, एवढी काळजी पुरेशी होते.

झाडांची गोष्ट वेगळी आहे. वीस वर्षांचे कडुनिंबाचे किंवा चिंचेचे झाड गेले तर ते एका पावसात परत येत नाही. म्हणून जे थोडे पाणी उपलब्ध असेल ते प्रथम झाडांना, विशेषतः नव्या रोपांना द्यावे. हात धुतलेले, भाजी धुतलेले पाणी त्यासाठी चालते. बुंध्याभोवती पालापाचोळ्याचे आच्छादन घालणे व मडके पुरून त्यातून पाणी झिरपू देणे, हे उपाय कमी खर्चाचे आहेत.

आपल्या कार्यक्षेत्रात काय करता येईल?

ग्रामपंचायतीने टंचाईची चाहूल लागताच ग्रामसभेपुढे हा विषय ठेवावा. गावातील सर्व हिरवळींची व बागांची यादी करून, प्रत्येकीस पाणी कोठून व किती जाते याची नोंद घ्यावी. हमरस्त्यालगतची मंगल कार्यालये ‘लॉन्स’ या नावानेच ओळखली जातात. त्यांचा लग्नसराईचा हंगाम आणि टंचाईचा हंगाम एकच असतो. त्यांच्या चालकांना आगाऊ विश्वासात घेतल्यास ऐन उन्हाळ्यातील वाद टळतात. ज्यांची उपजीविका रोपवाटिकेवर आहे त्यांचा वेगळा विचार करावा. नियम थोडे, स्पष्ट आणि सर्वांना सारखे असावेत. पाणीसाठ्याचे आकडे दर आठवड्याला फलकावर लिहावेत. नियम मोडणाऱ्यास प्रथम समज द्यावी, दंड नंतर करावा.

कार्यालयप्रमुखांनी निर्बंध जाहीर होण्याची वाट न पाहता आपल्या आवारापासून सुरुवात करावी. ‘पाणीटंचाईमुळे या हिरवळीस पाणी देणे थांबविले आहे’ अशी एक पाटी तेथे लावल्यास वाळलेले गवत हे निष्काळजीपणाचे लक्षण ठरणार नाही. माळ्याला त्याच्या कामाचे नवे स्वरूप समजावून द्यावे आणि पिवळ्या गवताबद्दल त्यास कोणी बोल लावणार नाही, याची खात्री द्यावी.

शिक्षकांनी बादली आणि घड्याळ घेऊन विद्यार्थ्यांकडून नळीचे पाणी मोजून घ्यावे, हिरवळीचे क्षेत्रफळ काढावयास लावावे आणि तेवढ्या पाण्यात किती माणसांची गरज भागेल याचे गणित मांडून घ्यावे. स्वतः मोजलेली गोष्ट मुले विसरत नाहीत आणि घरी सांगितल्याशिवाय राहत नाहीत.

पाऊस आपल्या हाती नाही. उपलब्ध पाण्याचा अग्रक्रम ठरविणे मात्र आपल्या हाती आहे. पावसाळा सुरू झाला की हरळी पुन्हा हिरवी होईल. तोपर्यंत तिच्या वाट्याचे पाणी रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या हंड्यात पडावे, यासाठी अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांनी आपापल्या अंगणापासून प्रारंभ करावयास हवा.