पहिल्या कॅम्पिंगचा तंबू कसा निवडावा? घरच्या फरशीवर घ्यायचा एक धडा



दिवाळी संपून थंडी पडायला लागली की पवना, भंडारदरा, कोकण किनारा अशा ठिकाणी तंबूत राहायला जायचे बेत घराघरात सुरू होतात. मुलांचा उत्साह तर विचारूच नका. मग आई-बाबा मोबाईलवर तंबू बघायला लागतात. आपण घरात चौघं, म्हणून "चार जणांचा तंबू" निवडला जातो. रंग आवडला, किंमत परवडली की झाली खरेदी.

पण त्या "चार जणांचा" या शब्दांचा नेमका अर्थ काय? त्याचं उत्तर दुकानात मिळत नाही, घरच्या फरशीवर मिळतं. आणि ते शोधता शोधता मुलांचा मापनाचा एक छान धडाही होतो. मुलाची बाहेरची पहिली रात्र चांगली गेली तर त्याला डोंगर, पाणी, चांदणं यांची गोडी लागते. ती रात्र कुडकुडत, रडत गेली तर पुढच्या वेळी ते "मी येत नाही" म्हणतं. म्हणून हा धडा खरेदीच्या आधी घ्यायचा.

कृती : फरशीवरचा तंबू

साहित्य : मोजपट्टी (टेप), खडू, घरातल्या चादरी-गोधड्या.

१. बाजारातल्या बऱ्याच "चार जणांच्या" तंबूंचा झोपायचा भाग साधारण २४० सेंमी रुंद आणि २१० सेंमी लांब असतो. तुम्ही पाहिलेल्या तंबूचं माप त्याच्या माहितीत दिलेलं असतं, ते घ्या.
२. त्या मापाचा आयत मुलांना फरशीवर खडूने आखू द्या. मोजायचं काम मुलांचं, आपण फक्त टेपचं दुसरं टोक धरायचं.
३. आता घरातल्या सगळ्यांनी त्या आयतात आडवं व्हायचं. बॅगा, पाण्याच्या बाटल्या, पांघरुणं सगळं आतच ठेवायचं.
४. पाच मिनिटं तसंच पडून राहा. मग मुलांनाच विचारा, "इथे रात्रभर झोप लागेल का?"

आता हिशेब बघा. २४० सेंमी भागिले ४ म्हणजे प्रत्येकाला ६० सेंमी. घरातला ५ फुटी डबल बेड साधारण १५२ सेंमी रुंद असतो, त्यावर दोघांना प्रत्येकी ७६ सेंमी मिळतात. म्हणजे तंबूवरचा "चार" हा आकडा चार माणसं खांद्याला खांदा लावून ठेवली तर किती मावतील, एवढंच सांगतो. चार माणसं सुखाने झोपतील असं तो सांगत नाही. चौथीच्या वर्गात ही कृती पटांगणावर घेतली की मुलं आयतात दाटीवाटीने झोपून हसत सुटतात, आणि भागाकाराचा अर्थ त्यांना न सांगता कळतो.

घरासाठी सोपा नियम असा धरा : मोठ्या माणसाला ७५ सेंमी, मुलाला ६० सेंमी. मुलाचं अंग लहान असतं, पण मुलं झोपेत घड्याळाच्या काट्यासारखी फिरतात, म्हणून त्यांचे ६० कमी करू नका. आई, बाबा आणि एक मूल मिळून ७५ + ७५ + ६० = २१० सेंमी होतात. उरलेल्या ३० सेंमीत बॅगा. म्हणजे "चार जणांचा" तंबू खरं तर तिघांचा! घरात जितकी माणसं, त्यापेक्षा एक-दोन जास्त जणांचा तंबू बघायचा, तो यामुळे.

उंची आणि दार : आजीला विचारा

फरशीवरचा आयत उंची दाखवत नाही. घुमटाच्या आकाराच्या तंबूत मधली उंची लिहिलेली असते, पण कडेला कापड खाली उतरत जातं. उंच माणसाचं डोकं आणि पाय उताराच्या कापडाला टेकतात. म्हणून तंबूची लांबी घरातल्या सर्वांत उंच माणसापेक्षा किमान ३० सेंमी जास्त हवी.

आजी-आजोबा बरोबर येणार असतील तर त्यांना आधी विचारा. बुटक्या दारातून गुडघ्यांवर रांगत आत-बाहेर करणं त्यांना झेपत नाही, आणि रात्री एक-दोनदा बाहेर जावं लागतंच. अशा घराने उभं राहता येईल असा उंच तंबू घ्यावा. दोन दारं असली तर आणखी बरं, कडेच्या माणसाला इतरांना ओलांडून जावं लागत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे पडवी. दारापुढे कापडाचं थोडं छप्पर असेल तर चपला, ओले टॉवेल, मातीने भरलेले बूट तिथे राहतात आणि झोपायची जागा कोरडी राहते. आपल्या घरांना पडवी का असायची, हे मुलांना इथे सहज सांगता येईल.

पाणी बाहेरून येतं, तसंच आतूनही

सकाळी तंबूचं कापड आतून ओलं दिसलं की "तंबू गळतो" असं वाटतं. पण पाऊस नसताना आलेलं हे पाणी आपल्याच श्वासातलं असतं. चार-पाच माणसं रात्रभर श्वास सोडतात, बाहेर थंडी असते, बाष्प थंड कापडाला लागतं आणि त्याचे थेंब होतात. बर्फाचं पाणी घातलेल्या स्टीलच्या पेल्याला बाहेरून थेंब येतात ना, तेच हे संघनन. पेल्याचा प्रयोग वर्गात करा आणि तंबूचं उदाहरण द्या, मुलं विसरणार नाहीत.

यावर उपाय दोन. पहिला, दोन पदरी तंबू घ्यायचा. आतला पदर जाळीदार किंवा हवा जाऊ देणारा आणि वरचं आवरण पाणी अडवणारं, दोन्हींच्या मध्ये मोकळी जागा. बाष्प आतल्या पदरातून बाहेर पडतं आणि वरच्या आवरणावर थेंब होऊन खाली ओघळतं, अंगावर पडत नाही. दुसरा उपाय म्हणजे झरोके उघडे ठेवायचे. मुलांना थंडी वाजेल म्हणून पालक सगळ्या झिपा गच्च लावतात, आणि पहाटे पांघरुणं दमट होतात. दमट पांघरुणात थंडी जास्त वाजते. जाळी बंद ठेवा, झरोका उघडा ठेवा.

पावसासाठी तंबूच्या माहितीत "२००० मिमी" असा काहीतरी आकडा असतो. हा पाऊस किती पडेल याचा आकडा नाही. कापडावर पाण्याचा स्तंभ उभा केला तर किती उंचीपर्यंत पाणी झिरपत नाही, ते हा आकडा सांगतो. २००० मिमी म्हणजे २ मीटर उंच स्तंभ. साधारण १५०० मिमीच्या पुढचं छत सरीला पुरतं. तळाचा आकडा मात्र छतापेक्षा जास्त हवा, कारण ओल्या जमिनीवर आपण गुडघा टेकतो तेव्हा सगळा भार थोड्या जागेवर येतो. शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेली आहे का तेही बघा, कारण पाणी आधी सुईच्या भोकांतून शिरतं.

आणि एक. रात्रीची थंडी वरून वाटते तितकीच खालून येते. जमीन अंगातली ऊब ओढून घेते. हवा भरायची गादी मऊ लागते, पण आतली हवा गार पडली की पाठ गारठते. अंगाखाली फोमची मॅट, सतरंजी, त्यावर गोधडी असे थर करा. पांघरुणाइतकंच अंथरुणाकडे लक्ष द्या.

तंबू कुठे लावणार?

तंबू निवडण्याआधी जागा ठरवा. सह्याद्रीत बऱ्याच ठिकाणी मातीचा थर पातळ आणि खाली काळा दगड, कोकणात सड्यावर जांभा. तिथे खुंटी आत जात नाही. म्हणून काठ्यांच्या ताणावर स्वतःच उभा राहणारा घुमटाकार तंबू घ्यावा, ताणाच्या दोऱ्या मोठ्या दगडांना बांधता येतात. वाळूत खुंटी उपटून येते. तिथे पिशव्यांत वाळू भरायची, त्यांना दोरी बांधायची आणि त्या पुरायच्या. साध्या जमिनीत खुंटी तिरपी ठोकायची, डोकं तंबूपासून बाहेर झुकलेलं. साधारण ४५ अंशांचा कोन. कोनमापकाची खरी गरज मुलांना इथे कळते.

काठ्या फायबरग्लासच्या स्वस्त असतात पण जड, आणि चिरल्या की त्यांचे बारीक तंतू हाताला टोचतात. अॅल्युमिनियमच्या हलक्या आणि टिकाऊ, पण महाग. गाडीने जाणार असाल तर वजनाची फार काळजी नको. पाठीवर न्यायचा असेल तर मात्र प्रत्येक किलो मोजा.

जे कोणताही तंबू करू शकत नाही

हा भाग शांतपणे वाचा आणि निघण्याआधी मुलांनाही सांगा.

• विस्तव : तंबूत मेणबत्ती, मच्छरांची कॉइल, स्टोव्ह, शेगडी काहीही पेटवायचं नाही. कापड क्षणात पेटतं आणि वितळून अंगाला चिकटतं. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेला माणूस त्यातून जागा होत नाही. ऊब पांघरुणाने मिळवायची, उजेड बॅटरीने.

• वीज : काजवे बघायला मे अखेर-जूनमध्ये जाणारी कुटुंबं खूप आहेत. तेव्हा वळीव येतो आणि विजा कडाडतात. तंबू विजेपासून मुळीच वाचवत नाही. गडगडाट ऐकू आला की पक्कं घर किंवा बंद गाडी गाठायची, एकट्या झाडाखाली थांबायचं नाही. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर पडायचं नाही.

• पाणी : ओढ्याच्या कोरड्या पात्रात आणि जलाशयाच्या अगदी काठावर तंबू लावायचा नाही. वर डोंगरात पडलेला पाऊस खाली न सांगता येतो.

• विंचू-साप : तंबूचा तळ भिंतींना शिवलेला आणि कडेने थोडा वर उचललेला हवा. दाराची झिप दिवसाही बंद ठेवायची. बूट झटकल्याशिवाय घालायचे नाहीत, अंधारात अनवाणी फिरायचं नाही. कोकणात आढळणाऱ्या लाल विंचवाचा दंश लहान मुलांच्या जिवावर बेतू शकतो. दंश झाला तर घरगुती उपायांत वेळ न घालवता दवाखाना गाठा, १०८ ला फोन करा. जवळचा दवाखाना कुठे आहे ते निघण्याआधीच विचारून ठेवा.

रंगीत तालीम

स्नेहसंमेलनाआधी आपण रंगीत तालीम घेतोच ना? तंबूचीही घ्या. निघण्याच्या आठ-दहा दिवस आधी गच्चीवर किंवा अंगणात तंबू उभा करा. मुलांना काठ्या जोडू द्या, खुंट्या मोजू द्या. वरून दोन बादल्या पाणी ओता आणि आत बसून बघा कुठून थेंब येतो. जमल्यास सगळ्यांनी एक रात्र त्यातच झोपा. लहान मुलाला अंधाराची भीती वाटली तर घर दहा पावलांवर असतं. तीच भीती डोंगरात मध्यरात्री वाटली तर सगळ्यांचीच रात्र जाते.

पहिल्याच वेळी तंबू विकत घ्यायलाच हवा असंही नाही. भाड्याने मिळतात, कॅम्पच्या जागीही लावलेले असतात. मात्र तिथेही विचारायचं : माप किती, पदर किती, एका तंबूत किती जण झोपवणार? परत आल्यावर तंबू पूर्ण वाळवूनच घडी घाला. ओला ठेवला तर बुरशी लागते आणि पाणी अडवणारा लेप खराब होतो.

मुलांसाठी उदाहरणे

१. तंबूचा तळ २४० सेंमी रुंद व २१० सेंमी लांब आहे. त्याची परिमिती किती मीटर? (उत्तर : ९ मीटर)
२. आई, बाबा, आजी आणि दोन मुले यांना वरच्या नियमाने एकूण किती रुंदी लागेल? २४० सेंमीच्या तंबूत किती कमी पडेल? (उत्तर : ३४५ सेंमी, १०५ सेंमी)
३. याच कुटुंबाने २४० सेंमी आणि १८० सेंमी रुंदीचे दोन तंबू घेतले. कोणी कुठे झोपावे? प्रत्येक तंबूत किती जागा उरेल?

तिसऱ्या उदाहरणाची उत्तरं एकापेक्षा जास्त आहेत. आई, बाबा आणि धाकटा मोठ्या तंबूत, आजी आणि नात छोट्यात असं केलं तर ३० आणि ४५ सेंमी उरतात. मुलं वेगळ्या जोड्या सुचवतील, सुचवू द्या. कोणी म्हणेल, "आजी घोरते, मी तिच्याजवळ नाही झोपणार!" तेही उत्तरात धरायचं, कारण तंबू आपल्याच माणसांसाठी घ्यायचा आहे.

तर येत्या रविवारी खडू आणि टेप काढा. दुकान नंतर.