जयगडच्या वाटेवर जम्प स्टार्टर : उन्हात टिकणारा, थंडीत चालणारा

डिसेंबर-जानेवारीत पुण्या-साताऱ्याकडची मंडळी जयगडला निघाली की वाटेत कोयनानगरला एखादा मुक्काम करतात. मग कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, संगमेश्वर, निवळी फाटा असं करत समुद्र गाठतात. कोल्हापूरकर आंबा घाटाने उतरतात. पहाटे घाटमाथ्यावर हात चोळत गाडी काढायची आणि दुपारी जयगडच्या जेट्टीवर घाम पुसत फेरीबोटीची वाट बघायची, हे एकाच दिवसात घडतं. माणसाला ते झेपतं. गाडीची बॅटरी जुनी असेल तर तिला झेपेलच असं नाही.

किनाऱ्यावरचा उकाडा बॅटरीचं आयुष्य खातो. आतलं पाणी आटतं, शिशाच्या प्लेटा लवकर गंजतात. तापमान सतत दहा अंशांनी जास्त राहिलं तर बॅटरीचं आयुष्य जवळपास निम्म्यावर येतं, असा ढोबळ हिशेब आहे. थंडीचं काम वेगळं. थंडीत बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते. शून्य अंशाला तिची ताकद साधारण एक तृतीयांशाने कमी होते. त्यात इंजिन ऑइल घट्ट झालेलं असतं, म्हणून सेल्फला नेहमीपेक्षा जास्त करंट लागतो. आपल्या घाटमाथ्यावर पारा सहसा शून्याला जात नाही, आणि नवी बॅटरी आठ-दहा अंश सहज निभावते. पण कोकणच्या उन्हात तीन-चार उन्हाळे काढलेली बॅटरी अशाच एखाद्या पहाटे मान टाकते. म्हणून सोबत घ्यायचा जम्प स्टार्टर दोन्ही कसोट्यांना उतरायला हवा : राहायचं उन्हात तापलेल्या गाडीत, कामाला यायचं थंडीत.

आधी दुखणं ओळखा

किल्ली फिरवल्यावर नुसता टकटक आवाज आला आणि डॅशबोर्डचे दिवे मंदावले, तर बॅटरी उतरली आहे. दिवे लख्ख आहेत पण सेल्फ गप्प आहे, तर दोष स्टार्टर, रिले किंवा फ्यूजमध्ये असू शकतो. ऑटोमॅटिक गाडीचा गिअर 'पी' किंवा 'एन'मध्ये नसेल तरीही असंच होतं. अशा वेळी जम्प स्टार्टरचा उपयोग नाही.

किनाऱ्यावर आणखी एक गोष्ट हमखास तपासावी. बॉनेट उघडा आणि बॅटरीची दोन्ही टर्मिनलं जवळून बघा. त्यांच्यावर पांढरट-हिरवी भुकटी साचली असेल, तर करंट तिथेच अडतो आहे. क्लॅम्प हाताने हलवून बघा. हलला तर दहा नंबरच्या पान्याने घट्ट करा. भुकटी काढायची तर आधी उणे टर्मिनल सोडवा, मग अधिक. टपरीवरून गरम पाणी मागून घ्या, ते थोडं थोडं ओता, जुन्या ब्रशने घासा आणि कोरडं पुसा. हे काम उघड्या हातांनी करू नका, भुकटी डोळ्यांत जाऊ देऊ नका. बसवताना आधी अधिक, मग उणे. वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवा. जम्प स्टार्टर बाहेर न काढताच चालू होणाऱ्या गाड्या किनाऱ्यावर बऱ्याच असतात.

खोक्यावरचे आकडे कसे वाचायचे

दुकानात नजर पडते ती 'पीक अँपिअर'च्या आकड्यावर. हा करंट क्षणभरापुरता मिळतो, आणि सेल्फ तर काही सेकंद फिरवावा लागतो. म्हणून 'स्टार्टिंग' किंवा 'क्रँकिंग' करंट किती लिहिला आहे ते शोधा. तो बहुधा पीकच्या निम्मा किंवा त्याहून कमी असतो. छापलाच नसेल तर तो नग बाजूला ठेवलेला बरा. दीड लिटरपर्यंतच्या पेट्रोल गाडीला पीक ८०० ते १००० अँपिअरचा चांगला नग पुरतो. दोन लिटरच्या आसपासच्या डिझेल गाडीला १५०० ते २००० घ्यावा, कारण डिझेल इंजिनात दाब जास्त असतो आणि थंडीत ग्लो प्लगही करंट ओढतात. नेहमी घाटमाथ्यावर मुक्काम करत असाल, तर गरजेपेक्षा एक पायरी वरचा घ्या.

दुसरा आकडा क्षमतेचा. मिलिअँपिअर-अवरचा मोठा आकडा पाहून भुलू नका, वॉट-अवर बघा. लिहिले नसतील तर हिशेब सोपा आहे : १२,००० मिलिअँपिअर-अवर म्हणजे १२ गुणिले ३.७, साधारण ४४ वॉट-अवर. गाडीसाठी चाळीसच्या खाली जाऊ नये. विमानात असं उपकरण फक्त हातातल्या सामानात न्यायचं असतं, आणि १०० वॉट-अवरच्या वर गेलं तर विमान कंपनीची परवानगी लागते.

तिसरी गोष्ट क्लॅम्पची. अधिक-उणे उलटं लागलं तर लाल दिवा लावून करंट रोखणारा 'स्मार्ट' क्लॅम्प हवाच, कारण अंधारात, टॉर्चच्या उजेडात चूक कोणाकडूनही होते. क्लॅम्पचे दात तांब्याचे आणि जाड असावेत, वायर आखूड आणि जाड असावी. बारीक वायर तापते आणि करंट वाटेतच वाया जातो. सॉकेटांवर रबराची घट्ट झाकणं असावीत, नाहीतर खारी हवा तिथून आत शिरते.

लिथियम की सुपरकपॅसिटर?

बाजारात जास्त खपतात ते लिथियमचे. हलके असतात, फोन चार्ज करतात, टॉर्च देतात. त्यांची मोठी खोड : ऊन सोसत नाहीत. मे महिन्यात काचा लावून उभ्या केलेल्या गाडीत, विशेषतः डॅशबोर्डवर, तापमान साठ अंशांच्या पुढे जातं. तिथे लिथियम सेल लवकर म्हातारे होतात, फुगतात आणि धोकादायकही ठरतात. लिथियमचा नग घ्यायचा तर तो पाठपिशवीतच ठेवायचा, हा नियम करा. किल्ल्यावर चाललात तर तो तुमच्याबरोबर चालेल, खोलीवर गेलात तर खोलीत येईल.

सुपरकपॅसिटरच्या नगात करंट साठवून ठेवावा लागत नाही. उतरलेल्या बॅटरीत जो थोडाफार जीव उरलेला असतो, तो काही मिनिटांत ओढून घेऊन हा नग एका जोरकस झटक्यात परत देतो. ऊन आणि थंडी तो लिथियमपेक्षा खूप चांगली सोसतो, वर्षानुवर्षं डिकीत पडून राहिला तरी बिघडत नाही. मात्र तो महाग असतो, त्यावर फोन चार्ज होत नाही, आणि बॅटरी पार शून्यावर गेली असेल तर त्याला आधी यूएसबी किंवा दुसऱ्या गाडीवरून भरावं लागतं. ज्याची गाडी कायम किनाऱ्यावर असते त्याने हाच घ्यावा. महिन्या-दोन महिन्यांतून भटकायला निघणाऱ्याला, पिशवीचा नियम पाळणार असेल तर, लिथियम पुरे.

थंडीत लिथियमही मंदावतो. घाटमाथ्यावर किंवा तंबूत मुक्काम असेल तर रात्री तो गाडीत न ठेवता स्लीपिंग बॅगजवळ ठेवा. हाच नग पुढे स्पिती-लडाखला नेणार असाल तर आणखी एक लक्षात ठेवा : शून्याखाली लिथियम सेल चार्ज करू नयेत. आधी खोलीत आणून ऊब येऊ द्या, मग चार्जर लावा.

लावायचा कसा

दिवे, एसी, म्युझिक, फोनचा चार्जर सगळं बंद करा. लाल क्लॅम्प बॅटरीच्या अधिक टर्मिनलला, काळा इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून थोडा दूर. काही गाड्यांत बॅटरी सीटखाली किंवा डिकीत असते. त्यांना बॉनेटखाली वेगळी जागा दिलेली असते, ती मॅन्युअलमध्ये घरीच बघून ठेवा. हायब्रिड गाडीचे नियम वेगळे असतात, तेही तिथेच वाचा. हिरवा दिवा लागल्यावर मिनिटभर थांबा. डिझेल गाडीत ग्लो प्लगचा दिवा विझू द्या. सेल्फ तीन ते पाच सेकंदच मारा. उचलला नाही तर अर्धा-एक मिनिट थांबून पुन्हा. गारठलेला लिथियम पहिल्या प्रयत्नात थोडा तापतो, म्हणून दुसरा प्रयत्न बऱ्याचदा लागू पडतो. 'बूस्ट' बटण उलट जोडणीचं संरक्षण बंद करतं, तेव्हा क्लॅम्प दोनदा तपासल्याशिवाय त्याला हात लावू नका. इंजिन चालू झालं की आधी काळा काढा, मग लाल. बॅटरी फुगलेली असेल, गळत असेल किंवा सडक्या अंड्यांसारखा वास येत असेल, तर काहीच जोडू नका; मेकॅनिक बोलवा.

गाडी चालू झाली, आता कुठे?

इथे जयगडला चुकीचा निर्णय होण्याची शक्यता जास्त. किल्ला बघून, कऱ्हाटेश्वरला जाऊन पुढे हेदवी-वेळणेश्वर गाठायचं म्हणून मंडळी जयगड-तवसाळ फेरीबोट धरतात. बोटीवर गाडी चढवली की इंजिन बंद करावं लागतं. नुकतीच जम्प दिलेली बॅटरी तेवढ्यात भरलेली नसते. तवसाळच्या धक्क्यावर सेल्फ उचलला नाही तर मागच्या सगळ्या गाड्या अडकतात. म्हणून जम्प दिल्यावर लगेच बोट धरू नका. साधारण वीस किलोमीटरवरच्या गणपतीपुळ्यापर्यंत मालगुंडमार्गे जाऊन या, किंवा शास्त्री नदीवरच्या राई-भातगाव पुलावरून गुहागर तालुक्यात शिरा. तो वळसा लांबचा आहे, पण इंजिन अखंड चालू राहतं. किमान अर्धा तास गाडी चालवून मगच बंद करा, आणि बंद करायची वेळ आली तर उतारावर आणि माणसांच्या जवळ. मॅन्युअल गिअरची गाडी धक्क्यानेही निघते. ऑटोमॅटिकला ती सोय नाही.

निघण्यापूर्वी

साधा मल्टिमीटर घरी असू द्या. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी मोजा : १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ म्हणजे जवळपास रिकामी. इंजिन चालू असताना आकडा साधारण १३.८ ते १४.५ हवा. तो कमी असेल तर दोष अल्टरनेटरकडे आहे, आणि तिथे कोणताही जम्प स्टार्टर तुम्हाला घरापर्यंत आणणार नाही. जम्प स्टार्टर दर तीन महिन्यांनी चार्ज करा, घरच्या अंगणात एकदा लावून बघा, आणि सोबतच्या प्रत्येकाला शिकवून ठेवा. बॅटरी चार वर्षांची झाली असेल आणि सकाळी १२.४ च्या खाली दाखवत असेल, तर ती बॅटरीवाल्याकडून लोड टेस्ट करून घ्या. टेस्टमध्ये नापास झाली तर जम्प स्टार्टरचे पैसे आधी नव्या बॅटरीत घाला. तो पुढच्या सहलीला घेता येईल.