तपकिरी रंग खरं बोलतो का?

आपली तीन बोटं एकावर एक उभी धरा आणि पुढच्या दातांमध्ये जातात का बघा. गेली? छान. रोज सुपारी किंवा गुटखा चघळणाऱ्या काहींची पुढे दोनच जातात, मग एकच. तिखट सोसत नाही, गाल आतून पांढरट आणि ताठ होतो. मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ साली या रोगाला 'सबम्यूकस फायब्रोसिस' म्हटलं.

गालाच्या अस्तराखाली कोलॅजेन या प्रोटीनचे दोर असतात, प्रत्येक दोर तीन साखळ्यांच्या पिळाचा. सुपारीतलं अरेकोलीन पेशींना जास्त कोलॅजेन करायला लावतं आणि सुपारीतल्या तांब्यामुळे ते दोर एकमेकांत घट्ट बांधले जातात. असे दोर शरीराला सहज तोडता येत नाहीत.

साध्या रंगाने दोर दिसतात, पण ते टाइप १ चे जाड की टाइप ३ चे बारीक, हे नक्की सांगता येत नाही. तिथे अँटीबॉडी लागते. ती ठरावीक प्रोटीनलाच चिकटते. पद्धत अशी :

१) गालाचा छोटा तुकडा फॉर्मलिनमध्ये ठेवून, मेणात बसवून त्याचे ४-५ मायक्रॉनचे काप काढतात.
२) फॉर्मलिनमुळे झाकलेली जागा उष्णता किंवा एन्झाइमने मोकळी करतात.
३) टाइप १ ची अँटीबॉडी घालून धुतात.
४) तिला पकडणारी दुसरी अँटीबॉडी घालतात. हिला पेरॉक्सिडेज जोडलेलं असतं.
५) शेवटी डॅब हे रसायन. जिथे अँटीबॉडी, तिथे तपकिरी रंग.

पण थांबा! रंग आला म्हणजे कोलॅजेन सापडलं, असं नाही. शेजारच्या एका कापावर पहिली अँटीबॉडी घालायचीच नाही. तोही तपकिरी झाला तर तो रंग खोटा. आणखी एक काप त्वचेचा घ्यायचा, कारण तिथे टाइप १ भरपूर असतं. तो कोरा राहिला तर प्रयोगच फसला. आपण मल्टिमीटरच्या दोन्ही पिना टेकवून शून्य बघतो ना, तसंच हे.

जुन्या रोगात टाइप ३ कमी होऊन टाइप १ वाढलेलं दिसतं. म्हणूनच सुपारी सोडली तरी आधीचा ताठपणा सहसा पूर्ण जात नाही, आणि कॅन्सरची भीती राहतेच. राज्यात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली, साधी सुपारी मात्र खालापूरच्या टपरीवरही मिळते.

रोगाच्या निदानाला बहुतेक वेळा डॉक्टरांची नजर आणि गालाचा साधा तपास पुरतो, अँटीबॉडी संशोधकांची. आपल्याला तर तीन बोटंच पुरे. आज मेसमध्ये रूममेटलाही तपासायला सांगा. बोटं अडली, तर टपरीकडे नाही, डॉक्टरांकडे चला.