बंबात काय जळतं?



घरखर्चात बचत कशी करायची ते सांगा, असं तुमच्यापैकी बऱ्याच जणी आम्हाला विचारतात. खरं तर आम्ही शिकवावं असं यात फार थोडं आहे. जुन्या साड्यांची वाकळ, डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी झाडाला, शिळ्या भाकरीचा कुस्करा, हे सगळं आपल्या आया 'पर्यावरण' हा शब्द कानावर पडायच्या आधीपासून करत आल्यात. पण एका ठिकाणी ही काटकसर अंगावर येते. ते ठिकाण म्हणजे अंघोळीच्या पाण्याचा बंब.

कोल्हापुरातल्या वस्त्यांतून आणि आसपासच्या गावांतून पहाटे फिरलं की दारोदार बंब नाहीतर चूल पेटलेली दिसते. पूर्वी त्यात लाकूड, शेणी, उसाचं पाचट जायचं. आता दुधाच्या पिशव्या, फाटक्या चपला, रेक्झिनचे तुकडे, थर्माकोल, कधी टायरचा तुकडासुद्धा जातो. विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, "फुकटचं जळण आहे, बाई."

ते फुकटचं नाही. रेक्झिन आणि पीव्हीसीचं प्लास्टिक जळताना त्यातून आम्लाचा वायू निघतो, तो डोळे आणि घसा पोळतो. डायॉक्झिनसारखी विषंही तयार होतात. ती शरीरात चरबीत साठून राहतात आणि आईच्या दुधातून बाळापर्यंत पोचतात. लाकडाचा धूरसुद्धा निरुपद्रवी नाहीच. आयुष्यात बिडी न ओढलेल्या, पण चुलीपुढं तीस वर्षं बसलेल्या बाईला चार पायऱ्या चढल्यावर धाप लागते, तिची फुप्फुसं धुरानं आतून अरुंद झालेली असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या चुली-स्टोव्हच्या धुरापायी २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसं गेली. एका इनहेलरच्या किमतीत किती दिवसांचं जळण येतं, हा हिशेब ज्या घरात पंप चालू आहे तिथं विचारून बघा.

मग पाणी गॅसवर तापवायचं का? त्याचाही हिशेब मांडू. २० लिटरची एक बादली २५ अंशांवरून ४० अंशांवर न्यायला साधारण ४५ ग्रॅम गॅस लागतो. घरात पाच माणसं असतील तर दिवसाला सव्वादोनशे ग्रॅम, महिन्याला पावणेसात किलो. सिलिंडरमध्ये गॅस असतो १४.२ किलो. म्हणजे जवळजवळ अर्धा सिलिंडर मोरीतून वाहून जातो! थंडीत याहून जास्त. उज्ज्वला योजनेतून शेगडी आली, पण दुसरी टाकी परवडेना म्हणून पुन्हा चूल पेटली, अशी घरं आम्हाला भेटतात. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही, हा आकडा बघितला की कारण कळतं.

विजेच्या हीटरवर हेच पाणी तापवायला महिन्याला बावन्न युनिटं जातात. वीजबिलात पहिल्या १०० युनिटांचा दर कमी असतो, त्यापुढच्या युनिटांना तो दुपटीच्या आसपास जातो. त्यामुळे नव्वद युनिटांत भागणारं घर या एका हीटरपायी महागड्या टप्प्यात जातं.

आता उपाय. शिरोलीच्या, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत राबणारे, उसात भांगलण करणाऱ्या बाया, ही सगळी माणसं संध्याकाळी घामाघूम होऊन घरी येतात. त्यांची खरी अंघोळ संध्याकाळचीच. पत्र्याच्या डब्याला बाहेरून काळा रंग द्या, पाणी भरून, झाकण घट्ट लावून सकाळी नऊला पत्र्यावर किंवा अंगणात उन्हात ठेवा. पसरट डबा उंच डब्यापेक्षा लवकर तापतो. ऑक्टोबर ते मे संध्याकाळी चारपर्यंत अंघोळीपुरतं कोमट पाणी मिळतं. सूर्य मावळेपर्यंत थांबलात तर ते निवायला लागतं, म्हणून डब्यावर जुनी वाकळ टाका. ज्यांना सकाळीच अंघोळ हवी त्यांनी निदान लहान मुलं, म्हातारी माणसं आणि बाळंतिणीपुरतंच पाणी तापवावं.

झाकणाचं आम्ही मुद्दाम सांगतोय. डेंग्यूचा डास अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत उडायला लागतो. आठवड्यातून एकदा डबा रिकामा करून आतून घासायचा आणि कोरडा ठेवायचा.

पावसाळ्यात ऊन नाही, तेव्हा बंब पेटणारच. मग तो उघड्यावर पेटवा आणि त्यात वाळलेलं जळण सोडून काही घालू नका. ओल्या लाकडाची बरीच आच स्वतःचंच पाणी सुकवण्यात जाते, उरतो तो धूर. दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून बाजूला ठेवल्या तर कचरा वेचणाऱ्या आपल्याच बायांना चार पैसे सुटतात.

स्वयंपाकाचं थोडक्यात. हरभरा, चवळी, वाटाणा रात्री भिजत घाला आणि कुकरमध्येच शिजवा. पाण्याला एकदा उकळी आली की ज्योत कितीही मोठी केली तरी पाणी आणखी गरम होत नाही, नुसतं आटतं. म्हणून रस्सा तांबडा असो की पांढरा, उकळी आल्यावर झाकण आणि मंद आच. भांड्याचं बूड काळं होत असेल, ज्योत पिवळी दिसत असेल, तर बर्नर पिनेनं साफ करा. आणि ६० वॉटचा पिवळा बल्ब अजून घरात असेल तर तो काढून ९ वॉटचा एलईडी लावा. रोज पाच तास जळणाऱ्या एका दिव्यामागं महिन्याला साडेसात युनिटं वाचतात.

एका गोष्टीत मात्र गॅस वाचवू नका, ती म्हणजे प्यायचं पाणी. २०१२ साली इचलकरंजीत दूषित पाण्यामुळं काविळीची साथ आली आणि माणसं दगावली. एरवी गढूळ नसलेलं पाणी दोन लिटरपर्यंतच्या पारदर्शक बाटलीत सहा तास कडक उन्हात आडवं ठेवलं तरी त्यातले बरेच जंतू मरतात. पण पूर येऊन गेल्यावर, नळाला वास आल्यावर किंवा गल्लीत कुणाला कावीळ झाली असेल तर बाटलीवर भरवसा नको. पाणी खळखळून उकळू द्या, पुढं एक मिनिट तसंच राहू द्या, आणि त्याच भांड्यात झाकून ठेवा.