रक्ताची साक्ष

शहागंजच्या बाजारात एक मावशी भाजी विकतात, असे समजा. त्यांना मधुमेह, म्हणजे साखरेचा आजार आहे. एका दुपारी त्यांना दरदरून घाम सुटला. दम लागला. छातीत मात्र दुखले नाही.

मावशी म्हणाल्या, "ऊन लागलं असंल. घरी जाऊन जराशी पडते."

शेजारचा फळवाला म्हणाला, "नाही मावशी, तुम्हाला साखर हाय. आधी घाटीत चला."

घाटी म्हणजे इथला सरकारी दवाखाना. फळवाल्याचे बरोबर होते. का, ते पाहू.

या शहराला मलिक अंबरने चारशे वर्षांपूर्वी जमिनीखालून नहर काढून पाणी दिले. नहरीत गाळ साचला, की पुढे पाणी कमी पडते. आपल्या अंगातल्या रक्तवाहिन्यांचेही तसेच आहे. रक्तात साखर वर्षानुवर्षे जास्त राहिली, की वाहिन्या आतून खराब होतात. तिथे चरबी साचते. वाट अरुंद होते. एखादे दिवशी रक्ताची गुठळी होऊन वाट बंद पडते. हृदयाच्या त्या भागाला रक्त मिळत नाही. हाच हृदयविकाराचा झटका.

साखरेने दुखणे कळवणाऱ्या नसाही बधिर होतात. म्हणून झटका येऊनही कधी कधी छातीत कळ येत नाही.

मग डॉक्टरांना कसे कळते? ते हृदयाचा आलेख काढतात आणि रक्त तपासतात. हृदयाच्या स्नायूत विकरे असतात. विकर म्हणजे शरीरातली कामे भराभर घडवणारा पदार्थ. भाकरी खूप वेळ चावली, की गोड लागते. ती लाळेतल्या विकराची करणी. पोते फाटले, की दाणे बाहेर सांडतात. तसा हृदयाचा स्नायू मेला, की त्यातली विकरे रक्तात उतरतात. पूर्वी डॉक्टर ही विकरे मोजत. आता बहुधा ट्रोपोनिन नावाचे प्रथिन मोजतात. ते रक्तात दिसायला काही तास लागतात. म्हणून रक्त पुन्हा तपासावे लागते. घरी जाण्याची घाई करू नये.

पण ही साक्ष पोते फाटल्यावरची आहे. पोते आधीच सांभाळा. साखर, रक्तदाब आणि रक्तातली चरबी वेळच्या वेळी तपासा. विडी-तंबाखू सोडा. औषध आपल्या मनाने बंद करू नका. अचानक घाम आला, दम लागला, तर दुखण्याची वाट पाहू नका. १०८ क्रमांकाला फोन करा.

प्रश्न
१. मावशींच्या छातीत का दुखले नाही?
२. विकरे रक्तात केव्हा उतरतात?
३. तुमच्या घरी कोणाला साखर आहे? त्यांना हा पाठ वाचून दाखवा.